एसी बंद करा, बू राशिद म्हणाले

जुलैत दुपारी बारा ते चार
मनामा कुणाचंच नसतं.
रस्त्याची कामं थांबतात, मांजरं गाड्यांखाली शिरतात,
गच्चीवरच्या टाकीचं पाणी नळाला
थेट चहाचं येतं.

बायका-मुलं सुट्टीला गेलेली. वृंदा सावर्ड्याला.
फ्रीजवर तिची चिठ्ठी:
‘डाळ भिजवलीस तर ती शिजवायचीही असते.’

संध्याकाळी हे शहर
मोज्यासारखं उलटं होतं, सगळं आत.
चित्रं मॉलमध्ये, कवी तळघरात,
खाऊगल्ली पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर;
परातीत मच्बूस, भातात बुडालेलं काळं लिंबू,
उन्हानं टणक केलेलं, गोटीएवढं,
चावलं की दिवसभराचं ऊन जिभेवर.

मी साउंडवाला. बावीस वर्षं केबली गुंडाळतोय.
उन्हाळी उत्सवाच्या हॉलमध्ये
बाहेर शेहेचाळीस, आत अठरा.
सतार विंगेतच उतरते.
दिगंबर वायंगणकर हातोडी घेऊन
तबल्याची समजूत काढत बसतो,
तोवर निवेदिका तिसऱ्यांदा प्रायोजकांचे आभार मानते.

सातव्या दिवशी मुहर्रकची म्हातारी माणसं आली,
बारा जण, पांढरे सदरे, हातात वाद्य म्हणून
एक माठ.
तोच, पाण्याचा.
मी माइक कुठं लावू म्हणून तीनदा फेरी मारली त्याच्याभोवती.

मोत्यांच्या बोटींवरचं गाणं त्यांचं.
आधी शब्द नाहीत, नुसती घुमी,
पोटाच्याही खालून.
आणि नेमक्या त्याच पट्टीत
माझ्या हेडफोनमध्ये घुमतोय एसी.
एक स्वर दाबला की दुसराही मरतो.
मी हात जोडले.
बू राशिद, वय एक्याऐंशी, म्हणाले, मग तो बंद करा.
जोसेलिन मॅनेजरनं घड्याळ पाहिलं:
बारा मिनिटं. एकही जास्त नाही.

एसी थांबला तेव्हा कळलं
किती वर्षं तो बोलत होता.

मग माठ. तळहात तोंडावर, बोटं पोटावर.
घाम फुटायला लागला तसा आवाज मोठा झाला
की मीच जवळ गेलो, माहीत नाही.
लाइटवाला जासिम कानात अर्थ सांगत होता:
चार महिने पाणी, चारी बाजूंनी पाणी,
घरी तांदूळ उरलाय का
हे मला कोण सांगेल.

ह्यांचे बाप नाकाला हाडाचा चिमटा लावून
बुडी मारायचे, म्हणे. कमरेला दोर, पायाला दगड.
मला वृंदाची नथ आठवली, डबीतल्या कापसातली.
सासूबाई सांगायच्या, बसऱ्याचे मोती हो.
बसरा कुठं आलं, आमच्यात कुणी विचारलं नव्हतं.
कुणीतरी नाक मिटून
वर आणलेलं
नाकात घालायला.

बारा मिनिटांची एकवीस झाली.
पुढच्या रांगेतले पाहुणे उठून गेले.
तिसऱ्या रांगेत एका बाईनं चपला काढल्या,
मांडी घातली खुर्चीवरच.
जोसेलिन फाइलनं वारा घेत होती
आणि घड्याळ बघत नव्हती.

नंतर मागच्या खोलीत अर्धे पिकलेले खजूर,
एक बाजू पिवळी कुरकुरीत, एक मधाची.
बू राशिदनं विचारलं, घरची मंडळी?
म्हटलं, गावी. उन्हाळ्यात जातात.
ते इतके हसले की ठसका लागला.
आमच्यात पुरुष जायचे, म्हणाले,
आणि माझ्यापुढं दुसरा खजूर सरकवला.

रात्री एक वाजता घरी.
तिकडं साडेतीन, फोन करायची वेळ नव्हे.
डाळीला वास आला होता.
मी एसी बंद केला, खुर्ची ओढली,
किती वेळ निभतं ते बघायला.

नऊ मिनिटं.