दोन फुल्या

कॅनडातल्या मामेभावाला वंशवेल हवी आहे.
फोनवर म्हणाला, तू ठाण्यातच आहेस, बघ ना जरा,
आपल्या त्या गोऱ्या आजीचं काही मिळतं का.
जणू ती अजून जांभळी नाक्यावर
भाजीचा भाव करत उभी असेल.

आमच्या घरात ती मडम होती.
आयर्लंडहून बोटीनं आलेली, पियानोसकट.
बाप कर्नल, की कर्नलचा मित्र,
ते सांगणाऱ्याच्या घरात लग्नाची मुलगी आहे का
यावर ठरायचं.
दर पिढीत एखादं पोर घाऱ्या डोळ्यांचं निघे,
बायका कानशिलावर बोटं मोडत म्हणत,
होनूबाय परत आली.
पाहुण्यांना आधी ते डोळे दाखवायचे,
मग पोरगी.

तीन शनिवार चर्चच्या जुन्या वहीसमोर बसले.
पान जपून उलट, फादर दुआर्त म्हणाले,
वाळवीनं आधीच अर्धं गाव खाल्लंय.

सापडली. तीन पानांवर, तीन नावांनी:
लग्नात होनोरा, पोरीच्या बाप्तिस्म्यात ओनोर,
दफनाच्या नोंदीत नुसतीच अन्ना.
आडनाव टिअर्नी की टर्नी, शाईला ठाऊक.
मूळ गावाच्या जागी लॅटिनमध्ये अख्खा देश.
मी उथळसर सांगावं
आणि कुणी हिंदुस्थान लिहून घ्यावं, तसं.
विधवा. पहिला नवरा पलटणीतला, तापानं गेला.
काम: धोबीण.
पियानो नाही.

दुसरा नवरा इनास, कोपरीच्या मिठागरावरचा.
खाली सह्या.
एक फुली तिची, एक फुली त्याची.
फादर म्हणाले, क्रूस काढलेत बघ, किती श्रद्धेनं.
मी काही बोलले नाही.
फुली आपण मारतो ती नको असलेल्यावर;
या दोघांनी ती हवं असलेल्यावर मारली होती,
कारण दुसरं काही लिहिता येत नव्हतं.
तिची तिरकी, घाईतली.
त्याची जड, टाक कागदात रुतलेला.
तिचे हात साबणानं सोललेले असणार,
त्याचे मिठानं.

घरी येऊन आईला सांगितलं.
तांदूळ निवडताना तिचं सूप थांबलं.
धोबीण?
मामीला सांगू नकोस.

मग बऱ्याच वेळानं, खडा शोधत शोधत,
तिच्या आजीनं तिला सांगितलेलं काढलं,
आम्हाला कधीच न सांगितलेलं.
होनूबाय बटाटा सोलू द्यायची नाही.
सालीसकट उकडायचा, मीठ लावायचं, सालीसकट खायचा.
कुणी साल टाकली तर उचलायची, धुवायची,
आणि तोंडात टाकायची, त्याच्याकडे बघत.
सर्व संतांचा सण झाला की
विहिरीमागं डोळ्यांचे तुकडे पुरायची.
पाला आला की रोज पहाटे वाकून
एकेक पान उलटं करून बघायची.
काय बघतेस गं?
काळं पडलं का.
बाकी मराठी तिची मोडकीतोडकी,
हे तीन शब्द मात्र
इथंच जन्मल्यासारखे.

खाडीकाठची माती खारट,
बटाटे सुपारीएवढेच व्हायचे.
तरी मोजून ठेवायची.
तिकडं कोण कोण गेलं, किती गेले,
ते कधी मोजलं नाही तिनं कुणापुढं.
किंवा मोजलं असेल,
तिच्या भाषेत,
जी या घरात कुणाला येत नव्हती.

मामेभावाला मी सह्यांचा फोटो पाठवला.
दोन फुल्या, बाकी काही लिहिलं नाही.
दोन दिवसांनी उत्तर आलं:
आणि पियानो?

काल कुकर उघडला. भाजीचे बटाटे.
आईनं एक उचलला, मीठ लावलं,
उभ्यानं खाल्ला, सालीसकट.
मी बघतेय हे बघून म्हणाली,
सोलताना बोटं भाजतात गं.