रिकामी घरं

आमच्याकडे हळदीचा सौदा रुमालाखाली ठरायचा.
बोटं बोटांशी बोलायची,
वरून बघणाऱ्याला नुसतं कापड हललेलं दिसायचं.
माझा बाप चाळीस वर्षं तसाच बोलला,
घरातसुद्धा.

शमुवेल मास्तरांचे हात मात्र उघडे.
पहिल्याच तालमीला म्हणाले,
"इथं झाकायचं काय नाही. बघत ऱ्हा."
काडी तुणीच्या लाकडाची होती,
मिरजेच्या एका सतारवाल्यानं
उरलेल्या तुकड्यातनं तासून दिलेली.

वय वर्षं नऊ, मिशनच्या चर्चात
ऑर्गनचा भाता मारायचं काम.
मग पोलीस बँड.
सव्वीस जानेवारीला सगळं मैदान साहेबाच्या तोंडाकडे बघायचं
आणि आम्ही मास्तरांच्या.
मग नाटक कंपनी. बाई ऐन पदात
काळी एक सोडून काळी दोनमध्ये शिरायच्या;
मास्तर ऑर्गनवाल्याकडे बघून भुवई उचलायचे,
आणि अख्खा साथसंगत अर्धा स्वर वर,
चपला न वाजवता जिना चढावा तसा.

तासगावच्या वरातीत घोडा बिचकला होता,
नवरदेव मानेला मिठी मारून.
मास्तरांनी बँड थांबवला नाही.
खाली आणला, आणखी खाली,
नुसता ढोल उरेपर्यंत,
आणि घोडं चक्क तालात टापा टाकायला लागलं.
नवऱ्याचा मामा पन्नास रुपये जास्त देऊन गेला.

मुंबईत एकदा परदेशी ऑपेरा उतरली होती.
त्यांच्या कंडक्टरला कावीळ.
वसईचे व्हायोलिनवाले रेकॉर्डिंगमुळे मास्तरांना ओळखत होते,
त्यांनी तार केली.
दोन दिवस, दोन रात्री
मास्तर लॉजच्या खाटेवर मांडी घालून कागद वाचत होते.
मधूनच डावा हात उचलायचा,
समोर कोणी नसताना.

मला झांजेला घेतलं होतं.
तिसऱ्या अंकात दोनशे बारा घरं गप्प बसायचं
(कागदावरच्या दोन उभ्या रेघांमधल्या जागेला
आम्ही बँडवाले घरच म्हणतो)
आणि दोनशे तेराव्यात एकदाच वाजवायचं.
एकशे नव्वदपर्यंत नीट गेलो.
मग ती बाई मरायला लागली
आणि मी तिच्याकडे बघत बसलो.

आकडा गेला.
मान वर केली तर मास्तर आधीच माझ्याकडे बघत होते.
डावा तळवा आडवा,
रस्त्याच्या कडेला पोराला धरून ठेवावं तसा.
थांब.
थांब.
मग तळवा उलटला.
झांज वेळेवर पडली. एवढंच.

तीन रात्री. चौथ्या दिवशी पेपरात नाव आलं,
सॅम्युएल, गोव्याचे.
मालक म्हणाला, ऱ्हावा इथंच, पगार देतो.
मास्तर म्हणाले, विट्याची दोन लग्नं घेतलीत,
ॲडव्हान्स खाल्लाय.

त्यानंतर किती वर्षं गेली ते मोजलं नाही.
मी मार्केट यार्डात काट्यावर बसू लागलो.
कृष्णेला पूर आला त्या साली
बोटीत वल्हं धरायला गेलो.
रात्र. गल्लीत पाणी पहिल्या मजल्याला.
मी सवयीनं घरं मोजत होतो,
अंधारी, रिकामी,
सव्वीस, सत्तावीस.

पुढच्या माडीवर बॅटरी लागली.
उजेडात एक हात,
तळवा आडवा.
मी वल्हं रोखलं.
दोन हातांवर विजेची तार लोंबत होती,
पाण्याला टेकलेली.
मला दिसलीच नव्हती.
प्रवाहानं बोट बाजूला सरकेपर्यंत
तो हात हलला नाही.
मग उलटला.

मास्तर खिडकीतनं उतरले, ऐंशीच्या घरात आलेले,
छातीशी प्लॅस्टिकची पिशवी.
मला वाटलं, ऑपेराचे कागद असतील.
"ते गेलं वाहून," म्हणाले.
पिशवीत पावतीपुस्तक होतं.
मिरजेच्या विसर्जनाच्या तीन मिरवणुका
घेऊन ठेवलेल्या.
"पाणी कधी उतरंल रे?
लोकांना तारीख सांगाय पायजे."