पारवा

वडगावात माग सातलाच सुरू होतात.
अंगणवाडीच्या भिंतीला कान लावला
तर भिंतही खटक-खटक करते.

परशाचा बाबा पिशवीभर तुटका दोरा देऊन गेला :
"टाकायचाच हुता ओ. पोरास्नी काय तर करा."
पिशवी उपडी केली.
निम्मा तास गुंता सोडवण्यातच गेला
आणि खरं सांगायचं तर
पोरांना तेच जास्त आवडलं.

मग पुठ्ठ्यावर सात कमानी काढल्या.
ता ना पि हि नि पा जा, मी म्हटलं.
त्यांनी ते टाळ्या पिटत दहादा म्हटलं,
अर्थ कुणीच विचारला नाही.

तांबडा उचलून निंगव्वा म्हणाली, केंपु.
होय, तोही.
पिवळ्याला ती म्हणाली, हळदी.
परशानं दोरा नाकाशी धरला,
"वास येईना की ओ."

नारिंगी पिशवीत नव्हताच.
तांबडा नि पिवळा एकमेकांत पिळून चिकटवला
आणि म्हटलं, आता लांबून बघा.
पोरं मागं मागं सरत दारापर्यंत गेली;
आयेशा तर पार गटारीपर्यंत.
तिथूनच ओरडली, "झाला! झाला!"

निळा मात्र ढीगभर.
निळ्या साड्यांची ऑर्डर मोडली म्हणे यंदा.

सहाव्या कमानीपाशी सगळे थांबले.
"पारवा म्हंजे कसला ओ, टीचर?"
निळ्या-जांभळ्याच्या मधला, मी म्हटलं.
पाठ होतं मला. कधी नीट बघितला नव्हता.

समोरच्या पत्र्यावर दोन पारवे बसले होते.
करडा, म्हणाली निंगव्वा.
पारव्यानं मान वळवली,
हिरवा, म्हणाला परशा.
पुन्हा वळवली. जांभळा.
"लबाड हाय ते पाखरू!"

जूनपासून एक शब्द न बोललेली कस्तुरी
तेवढ्यात खाली बसली.
फरशीवरचे उरलेसुरले तुकडे,
नखाएवढे, सगळ्या रंगांचे,
वेचून वेचून सहाव्या कमानीत दाबू लागली.
"असं नाही गं" माझ्या ओठांवर आलेलं.
डिंकाची वाटी तिच्याकडे सरकवली.

दुपारी तिची आई आली,
केसांत कापसाचं बुरबुर.
"ह्यातलं तू काय केलंस गं?"

कस्तुरीनं बोट दाखवलं नाही.
मान फुगवली,
आणि घशातून, अगदी हळू,
घुटर्र.