झडती

एकतीस वर्षं रोज संध्याकाळी
नाशिकरोडच्या नोटांच्या कारखान्याच्या दारात
मी दोन्ही हात पसरून उभी राहते.
पदर, अंबाडा, चपलांचे तळवे,
डब्याची तीन खणं.
बाईनं खांद्यावर थाप दिली की सुटका.

मी तपासनीस, सलोमी भांबळ.
दिवसभर ताव उजेडाला धरायचा,
शाई पसरली का, रेघ हुकली का बघायचं,
चुकलेल्यावर लाल पेन्सिलीनं फुली.
माझ्या फुलीनं किती लाख मेले
कधी मोजलं नाही.

बिटको चौकातल्या रद्दीवाल्याकडे
किलोच्या भावात ते पुस्तक मिळालं.
कव्हर नाही, पहिली सोळा पानं नाहीत.
कुणा जर्मन माणसाचं, मराठीत आणलेलं,
वाक्यं अशी की क्रियापद येईपर्यंत
भात करपावा.
करपला. दोनदा.

पण एक गोष्ट समजली आणि झोप उडाली.
भीती वजा कर, बक्षीस वजा कर,
लोक काय म्हणतील तेही वजा कर,
मग बघ, उरतं का काही.
मी करून पाहिली वजाबाकी.
दर वेळी हातचा कुणाकडून तरी उसना.

लहानपणी शरणपूरला, रविवारच्या शाळेत
शांतवन मास्तर बजावायचे, देव बघतोय.
म्हणजे तिथंही दारात झडतीच.
पुस्तक म्हणतं, तेही धरू नकोस.
इथं मी ते मिटलं,
चार दिवस कपाटावर ठेवलं.

आधीच्या कुणीतरी समासात लिहिलंय, बारीक अक्षरात:
मग मायेचं काय?
उत्तर नाही. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं.

मार्चमधला शुक्रवार. ओव्हरटाइम करून मी शेवटची निघाले.
झडतीची बाई रजेवर, बदलीची आलीच नव्हती.
दारावरचा दराडे फोनमधून मान न काढता म्हणाला,
जा हो ताई, तुम्ही काय नेणार.

तुम्ही काय नेणार.
हा मान होता की अपमान,
की तो मायेनंच म्हणाला, कोण जाणे.
पण खरं सांगते, त्याच क्षणी
नेता येईल, असं पहिल्यांदा मनात आलं.
धाकटीची फी, सिन्नरच्या प्लॉटचा हप्ता.
एक ताव चार घड्या घालून
खालच्या खणात सहज मावतो
हे हातांना माहीत होतं,
मला नव्हतं.

मग वाटलं, सगळ्यांनीच नेला तर?
तर तो नुसता कागद.
चांगला, कापसाचा, भेळ बांधायच्या कामाचा.
चोरसुद्धा उभा असतो
चोरी न करणाऱ्यांच्या खांद्यावर.

मी मागे वळले.
रिकाम्या खोलीत, रिकाम्या टेबलावर डबा ठेवला,
तिन्ही खणं उघडली.
अर्धी भाकरी, ठेच्याचा डाग,
दोन द्राक्षं, एक नासकं.
बघायला कोणी नव्हतं.
मी बघितलं.
अंबाडा सोडला, पुन्हा बांधला.
चपला उलट्या केल्या, सुलट्या केल्या.
फक्त हात पसरले नाहीत.

सोमवारी नवी बाई आली.
हाताची कडक, अंबाड्यात बोट घालून बघणारी.
मला राग आला नाही.
तिचं काम होतं ते. माझं शुक्रवारीच झालेलं.

आता एवढंच खुपतं,
की हे मी तुम्हाला सांगते आहे.
म्हणजे कुणीतरी बघावं, असं वाटलंच मला.
तेवढ्यानं शाई पसरली का?
उजेडाला धरलंय.
डोळे आता पूर्वीसारखे राहिले नाहीत,
पेन्सील कानावर आहे,
आणि अजून कळत नाही.