जबडे

सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून उतरतात,
त्यांच्यामागून प्रयोगशाळेची गाडी.
स्टेइनवोर फ्रीजरमधून जबडे काढते:
तीन कोकरांचे,
एक म्हाताऱ्या करड्या मेंढीचा.

"हाडात फ्लोराइड किती ते पत्राने कळवू,"
गाडीवाला पोरगा म्हणतो,
"गेल्या वर्षी मर्यादेत होतं."
ती मान हलवते.
करडीच्या दाढा तिने स्वतः चाचपल्या होत्या,
खडूसारख्या, तपकिरी डागांच्या.
पुढ्यात गवत असून शेवटी शेवटी
ती नुसतंच तोंड हलवायची.

फ्योर्डच्या पलीकडे भट्टीघर, किलोमीटरभर लांब.
माती येते तीन समुद्र ओलांडून,
वीज येते अडवलेल्या नदीतून,
जिच्या काठी तिचा बाप रानहंसांची घरटी मोजायचा.
धूर म्हणावा असा दिसत नाहीच.
धाकटा आर्न्ग्रीमुर तिथेच, रात्रपाळीला.
घराचा हप्ता, गोठ्याचं नवं छप्पर,
हा फ्रीजरसुद्धा.
आपलेच दात, आपलेच ओठ.

पोरगा पिशव्या विसरून आलाय.
ती ड्रॉवर उघडते,
अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत फॉइल सर्रकन ओढते,
एकेक जबडा गुंडाळते, कडा दुमडते,
आर्न्ग्रीमुरचा डबा बांधते
तशीच.