कार्ड दाखवा

शेवटच्या हिशोबात मालकाने मला झेन दिली.
दोन हजार तीनचं मॉडेल, रंग कधीकाळी चंदेरी.
पैसे कमी पडत होते,
म्हणून चावी टेबलावरून सरकवली,
माझ्याकडे न बघता.
गेटवरचा हजेरीचा कॉम्प्युटर मी मागून घेतला.
नाहीतरी किलोवर जाणार होता.

तीन वर्षं झाली.
दर रविवारी कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसला,
बिल्डिंगखाली डॅशबोर्ड उघडून बसतो.
ग्लोव्ह बॉक्समध्ये निघालं:
पीयूसीच्या पावत्या, विरघळलेली खडीसाखर,
मालकीणबाईंचा एक डूल.
(परत द्यायचा राहिलाय.)
बोर्ड सतरा सेंटिमीटर,
खण सोळा.
त्या एका सेंटिमीटरसाठी
तीन रविवार कानस चालवली.

तळमजल्यावरचे तांडेल काका खुर्ची घेऊन येतात.
ओंजळीत स्क्रू सांभाळतात,
"वायर सोलतोस का कोळंबी?" विचारतात.
पोरगा म्हणतो, "पप्पा, हे सगळं फोनवर होतं."
होतं.
टॉर्च नीट धर, म्हटलं.

स्टार्टर मारला की
बॅटरी बारावरून आठवर येते,
सेकंदभरच,
तेवढ्यात कॉम्प्युटर मरतो
आणि उठतो तो कोरा.
बावीस वर्षं मी यूपीएस बांधले,
बँकांचे, ऑपरेशन थिएटरांचे,
लाईट गेली हे कुणाला कळू न देणारे.
तो एक सेकंद मला येतो.
बाकी फारसं काही येत नाही, असं विनयाचं मत.

बिस्किटाच्या पुड्याएवढी पेटी केली, सीटखाली बसवली.
आता चावी काढली तरी
पंचेचाळीस सेकंद ती त्याला धरून ठेवते,
तेवढ्यात त्याने आवरून घ्यायचं.
आम्हाला शुक्रवारी संध्याकाळी
साडेपाचला सांगितलं होतं.

मग स्पीकरमध्ये शिट्टी.
ॲक्सिलरेटर दाबला की चढायची, सोडला की उतरायची,
थेट पावणेआठचा भोंगा.
वाटलं, राहू दे.
पण ते अर्थिंग चुकल्याचं लक्षण,
आणि चुकलेलं काम मी कुणाला दाखवू?
सगळ्या काळ्या वायरी एका बोल्टला आवळल्या.
गेली.

परवा रात्री गाडी पहिल्यांदा बाहेर काढली.
नकाशे भरलेले, काकांची जुनी नाट्यगीतं भरलेली,
काका शेजारी, खिशात दोन स्क्रू उरलेले,
ते कुठले, हे दोघांनाही ठाऊक नाही.
ठाणे-बेलापूर रोडला लागलो, घणसोली मागे पडली.
रबाळ्याला आमच्या प्लॉटवर आता
बिनखिडक्यांची इमारत आहे.
आत म्हणे हजारो कॉम्प्युटर, थंडगार,
मागे ओळीने जनरेटर.
त्यांची लाईट कधी जात नाही.

तिथेच खड्डा.
कुठलीशी केबल हलली.
स्क्रीन काळी, मग निळी,
आणि नकाशाच्या जागी ते जुनं पान.
डिस्कचा तो कोपरा पुसायचा राहिला होता.
राहिला होता, असंच म्हणतो.

कार्ड दाखवा.

खाली शेवटच्या दिवसाची यादी:
शेडगे गजानन, आत ७:४१
डिमेलो फिलोमिना, आत ७:४३
मुकादम अस्लम, आत ७:४४
वाघमारे मीनाक्षी, उशीर
आणि सातव्या ओळीत मी.
बाहेरचा रकाना सगळ्यांचाच रिकामा.
त्या दिवशी मागच्या गेटने काढलं होतं आम्हाला,
तिथे मशीन नव्हतं.
दोनशे बारा माणसं
अजून आतच.

काका चष्मा चाचपत म्हणाले, "काय म्हणतोय?"
"कार्ड मागतोय."
"मग दे की."

गाडी कडेला घेतली. चावी काढली.
वॉचमन टॉर्च मारत आला,
पोरसवदा, गणवेश खांद्यावर मोठा.
"इथे थांबायचं नाही."
"पंचेचाळीस सेकंद," म्हटलं.
त्याने खरंच घड्याळात बघितलं.