गुसल

अजमानच्या कोर्टात, दुसऱ्या मजल्यावर
आरोप वाचला गेला तेव्हा
नझीर परकारला अख्ख्या अरबीतला एकच शब्द कळला.
माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला,
"बाय, गुसल कुणाचा? कोण मयत झालंय?"

मी दुभाषी. मिनिटावर पैसे मिळतात मला.
म्हटलं, माणसाला नाही रे, पैशाला दिलेला गुसल.
तीन कोटी चाळीस लाख दिरहम
तुझ्या नावच्या कंपनीत न्हाऊन निघाले
आणि कोरडे होऊन कुठे गेले
ते म्हणे तू सांगायचंस.

"माझ्या नावची?"
त्याने आपले हात पाहिले.
अकरा वर्षं त्या हातांनी कप विसळले:
साहेबांचा बिनसाखरेचा, पाहुण्यांचा केशर घातलेला.
आणि एका दुपारी, वेलची कुटता कुटता,
पुढ्यात आलेल्या कागदांवर सह्या,
जिथे पेन्सिलीची फुली तिथे.

सही मराठीत. हर्णैच्या शाळेत घोटलेली,
शेवटच्या र ला सुरमईची शेपटी.
न्यायाधीशांनी ती भिंगाखाली धरली,
विचारलं, ही अक्षरं कुठली?

तळमजल्यावर दुसरी खिडकी आहे.
तिथे हाच माणूस फिर्यादी.
सात महिन्यांचा पगार, आठ हजार चारशे.
पासपोर्ट आधी साहेबांच्या कपाटात होता,
आता कोर्टाच्या.
साहेब लंडनला, नाहीतर आणखी कुठे.
खिडकीतली बाई चांगली होती, पाणी दिलं तिने.
मग स्क्रीन आमच्याकडे वळवली.
कंपनीचा मालक: नझीर परकार.
"हा पगार मागतोय कुणाकडे?"

हे मी लगेच सांगितलं नाही त्याला.
जिन्यात सांगितलं.
तो पायरीवर बसला. आधी हसला.
"म्हणजे माझा पगार मीच बुडवला?
आणि मलाच पत्ता नाही?"
मग बराच वेळ बोटं मोजत राहिला,
सात महिने पुन्हा पुन्हा,
जणू एखादा चुकून जास्तीचा लागेल.

वरून शिपायाने नाव पुकारलं.
खालून त्या बाईनेही, त्याच मिनिटाला.
तो उठला,
आणि कुठल्या नझीरला बोलावतायत
ते विचारायला माझ्याकडे वळला.

संध्याकाळी बिल भरलं.
दुसरा मजला, चौतीस मिनिटं. तळमजला, अकरा.
जिन्यातली लिहिली नाहीत.
छापील फॉर्मवर
जिन्याला रकाना नव्हता.